काचगृहातील हिवाळा : एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमधील ऑर्किड-संगोपनाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

उष्णकटिबंधातील ऑर्किड वनस्पती ब्रिटनसारख्या थंड देशात हिवाळाभर जिवंत ठेवण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात केवळ बागकामाचा नव्हता. कोळसा, काच, कररचना, जहाजवाहतूक, मजुरांचे श्रम आणि वसाहतींतून येणारे ज्ञान हे सारे घटक त्यात गुंतलेले होते. ब्रिटिश बागाईतदारांनी प्रारंभी उष्णता व दमटपणा यांविषयी कोणती चुकीची कल्पना बाळगली, ती का टिकली आणि कोणत्या निरीक्षणांमुळे ती बदलली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या प्रक्रियेत खासी टेकड्यांचे स्थान विशेष महत्त्वाचे असल्याने त्याची स्वतंत्र चर्चा केली आहे.

बीजशब्द : ऑर्किड, काचगृह, आर्द्रता, कोळसा, खासी टेकड्या, वसाहतवाद.

प्रस्तावना :

ऑर्किड हे फुलझाडांतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक कुल होय. मराठीत या वनस्पतींना ‘आमरी’ असे नाव आहे. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी झाडांच्या खोडांवरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ आपल्या परिचयाची आहे. उष्णकटिबंधातील बहुसंख्य ऑर्किड जमिनीत न वाढता झाडांच्या सालीवर वाढतात. त्या बांडगुळाप्रमाणे यजमान वृक्षाचा रस शोषत नाहीत, तर त्याचा केवळ आधार घेतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पावसाचे व धुक्याचे पाणी ते चटकन टिपून घेते आणि तितक्याच चटकन वाळते. अशा मुळांना ओलावा हवा असतो, परंतु वाहती हवाही तेवढीच हवी असते. ही साधी गोष्ट ब्रिटिश बागाईतदारांच्या पूर्णपणे ध्यानात येण्यास बराच काळ लागला. त्या काळात समुद्रापार आणलेल्या असंख्य वनस्पती काचेच्या छपराखाली मेल्या.

वनस्पतींच्या इतिहासाकडे आपल्याकडे बहुधा शोधांची व नामकरणांची यादी म्हणून पाहिले जाते. कोणी कोणती वनस्पती प्रथम आणली, कोणी तिचे वर्णन केले, एवढ्यावर चर्चा थांबते. आणलेली वनस्पती पुढे जगली कशी, तिच्यासाठी रात्री शेगडी कोण पेटवत होते, कोळसा कोठून येत होता, हे प्रश्न दुर्लक्षित राहतात. वस्तुतः हिवाळा हाच या साऱ्या उद्योगाचा कसोटीचा काळ होता. उन्हाळ्यात इंग्लंडमध्येही अनेक ऑर्किड तग धरत. पण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत मालकाची संपत्ती आणि माळ्याचे ज्ञान या दोहोंची परीक्षा होत असे.

उद्दिष्टे :

१) ब्रिटनमधील काचगृहांच्या तापनपद्धतीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) ऑर्किडांच्या संगोपनाविषयीच्या कल्पना का व कशा बदलल्या, याचे विश्लेषण करणे.
३) या ज्ञाननिर्मितीत खासी टेकड्यांतील प्रत्यक्ष निरीक्षणाचे महत्त्व स्पष्ट करणे.
४) कृत्रिम उष्णतेची आर्थिक, सामाजिक व नैसर्गिक किंमत लक्षात आणून देणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तत्कालीन प्रवासवर्णने, बागकामविषयक ग्रंथ आणि उद्यानांच्या इतिहासातून उपलब्ध होणारी माहिती येथे आधारभूत मानली आहे. उष्णता व आर्द्रता यांच्या संबंधाचे स्पष्टीकरण मात्र आजच्या भौतिकशास्त्रीय ज्ञानाच्या आधारे केले आहे.

प्रारंभीचे प्रयत्न :

बहामा बेटांतून आलेला एका ऑर्किडचा वाळलेला नमुना १७३१ मध्ये पीटर कॉलिन्सन या वनस्पतिप्रेमी व्यापाऱ्याच्या हाती पडला. त्याच्या कंदात अद्याप धुगधुगी असल्याचे पाहून तो सर चार्ल्स वेजर यांच्या बागेत लावण्यात आला आणि पुढच्या वर्षी त्याला फुले आली. इंग्लंडमध्ये फुललेले हे पहिले उष्णकटिबंधीय ऑर्किड मानले जाते. ते जमिनीत वाढणारे होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. झाडांवर वाढणाऱ्या जातींना मातीत लावण्याची चूक पुढे दीर्घकाळ होत राहिली, तिला अशा पहिल्या यशाने एक प्रकारे बळच दिले असावे.

कप्तान ब्लाय यांनी १७९३ मध्ये जमैकाहून पंधरा ऑर्किड क्यू येथील राजोद्यानात आणली. सर जोसेफ बँक्स यांनी डहाळ्यांच्या टोपल्यांत शेवाळ घालून त्यांत अशा वनस्पती वाढविण्याचा प्रयोग केला. हॅकनी येथील लॉडिजिस यांच्या रोपवाटिकेने १८१२ च्या सुमारास ऑर्किडांची व्यापारी लागवड सुरू केली. १८१८ च्या हिवाळ्यात विल्यम कॅटली यांच्या काचगृहात ब्राझीलमधून आलेली एक वनस्पती मोठ्या जांभळ्या फुलांनी बहरली. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये तिला ‘कॅटलिया लॅबिएटा’ असे नाव दिले. ऐन नोव्हेंबरात, बाहेर धुके व गारठा असताना उमललेल्या या फुलाने धनिक वर्गाच्या मनात जी आवड निर्माण केली, तिचे पुढे एका व्यसनात रूपांतर झाले.

परंतु या यशाची दुसरी बाजू विसरता येत नाही. आलेल्या वनस्पतींपैकी फारच थोड्या जगत. इंग्लंड हे अर्धशतकाहून अधिक काळ उष्णकटिबंधीय ऑर्किडांची दफनभूमी झाले होते, अशा आशयाचे उद्गार हूकर यांच्या नावावर सांगितले जातात आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

‘स्टोव्ह’ आणि त्याचे दोष :

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काचगृह तापविण्याच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिल्या पद्धतीत बाहेरच्या भट्टीतील धूर व तप्त वायू भिंतीतून किंवा जमिनीलगत बांधलेल्या विटांच्या धूरमार्गातून फिरवीत. दुसऱ्या पद्धतीत चामडे कमावण्यासाठी वापरून टाकून दिलेला ओकच्या सालीचा चोथा खड्ड्यात भरून ठेवीत. तो कुजू लागला की त्यातून मंद उष्णता निघे आणि कुंड्या त्यात पुरून ठेवता येत. अशा उष्णगृहाला ‘स्टोव्ह’ असेच म्हणत. धूरमार्गाच्या विटांना तडा गेला की विषारी धूर आत शिरे. भट्टीजवळची झाडे होरपळत आणि दूरची गारठत. सालीच्या खड्ड्यात पुरलेल्या ऑर्किडची मुळे कुजत, हे वेगळे सांगावयास नको.

याखेरीज एक दोष डोळ्यांना न दिसणारा होता. हवा तापविली की तिची पाण्याची वाफ धारण करण्याची क्षमता वाढते. शून्य अंश सेल्सियस तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरमागे सुमारे ४.८ ग्रॅम वाफ धारण करते. १८ अंशांना हेच प्रमाण सुमारे १५.४ ग्रॅम होते. म्हणजे गोठणबिंदूजवळची, पूर्ण दमट असलेली बाहेरची हवा आत घेऊन ती १८ अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास उतरते. विस्तव जितका अधिक पेटवावा तितकी हवा अधिक कोरडी होते. दुसरीकडे, काचेचा पृष्ठभाग बाहेरच्या थंडीने गार पडलेला असल्याने आतील वाफ त्यावर जमून तिचे थेंब होतात. हे गार थेंब कोवळ्या कोंबांत पडले की कोंब सडतात. तात्पर्य, त्याच काचगृहात त्याच रात्री एक झाड कोरडेपणाने सुकते आणि शेजारचे ओलाव्याने कुजते. या दुहेरी संकटाची उकल केवळ अधिक कोळसा जाळून होणार नव्हती.

लिंडली यांचा सल्ला आणि त्याचे परिणाम :

जॉन लिंडली हे आपल्या काळातील ऑर्किडांचे सर्वश्रेष्ठ अभ्यासक होते. लंडनच्या बागाईत संस्थेपुढे १८३० मध्ये मांडलेल्या निबंधात त्यांनी या वनस्पतींसाठी भरपूर उष्णता, दाट सावली आणि अतिशय दमट हवा यांची शिफारस केली. उष्ण प्रदेशातील घनदाट, ओलसर अरण्याचे जे चित्र युरोपीय मनात रूढ होते, त्याच्याशी ही शिफारस तंतोतंत जुळणारी होती. त्यामुळे ती प्रमाण मानली गेली. गरम भिंतींवर व धूरमार्गांवर पाणी ओतून वाफ निर्माण करावी, झरोके बंद ठेवावेत, असा प्रघात पडला. काचगृहात शिरलेल्या माणसाचा श्वास कोंडावा, हेच उत्तम व्यवस्थेचे लक्षण समजले जाऊ लागले.

येथे लिंडली यांना दोष देऊन मोकळे होणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. त्यांच्यापुढे येणाऱ्या वनस्पती नाना देशांतल्या, नाना उंचीवरच्या असत. सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा फक्त देशाचे किंवा बंदराचे नाव असे. समुद्रसपाटीवरील किनाऱ्यावरून जहाजात चढविलेली वनस्पती प्रत्यक्षात दोन हजार मीटर उंचीवरच्या डोंगरातून आलेली असू शकते, हे चिठ्ठीवरून कळण्यास मार्ग नव्हता. अँडीज पर्वतातील गारव्यात वाढणाऱ्या जाती या व्यवस्थेत अक्षरशः शिजून मेल्या. अधिकारी व्यक्तीने अपुऱ्या माहितीवर दिलेला सल्ला किती काळ टिकू शकतो आणि किती हानी करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढे प्रत्यक्ष वाढविणाऱ्यांचे अनुभव समोर येत गेले, तसतसे लिंडली यांचे मतही बदलले, ही बाब त्यांच्या शास्त्रीय वृत्तीची साक्ष देते.

माळ्यांचे ज्ञान : कूपर आणि पॅक्स्टन

हा बदल घडविण्यात विद्वानांपेक्षा माळ्यांचा वाटा मोठा होता. यॉर्कशरमधील वेंटवर्थ येथे अर्ल फिट्झविल्यम यांच्या पदरी असलेले जोसेफ कूपर तुलनेने कमी तापमान ठेवून आणि ताजी हवा आत घेऊन ऑर्किड वाढवीत असत. रूढ सल्ल्याच्या विरुद्ध असूनही त्यांची झाडे टवटवीत होती.

डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकचे प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी हीच दिशा अधिक पद्धतशीरपणे पुढे नेली. ड्यूकने १८३३ मध्ये एका प्रदर्शनात फुलपाखरासारखे दिसणारे ऑर्किड पाहिले आणि तेव्हापासून त्यांना या वनस्पतींचा छंद जडला, असे सांगतात. पॅक्स्टन यांनी वेगवेगळ्या हवामानातील जातींसाठी वेगवेगळी घरे ठेवली, तापमान उतरविले, हवा खेळती ठेवली आणि आर्द्रतेसाठी वाफेऐवजी वाटा व फळ्या पाण्याने भिजविण्याचा मार्ग स्वीकारला. भिजलेल्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून पाणी सावकाश उडत राहते. त्यामुळे हवेत ओलावा टिकतो, पण झाडाच्या मुळांशी पाणी साचत नाही. आजही जगभर हीच पद्धत वापरली जाते.

उष्णतेचे साधनही दरम्यान बदलले होते. १८२० च्या दशकात गरम पाण्याच्या नळांची पद्धत इंग्लंडमधील काचगृहांत आली. बॉयलरमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, नळांतून फिरत गार होते आणि जड होऊन परत बॉयलरकडे येते. त्यासाठी पंपाची आवश्यकता नव्हती. पाणी उशिरा तापते व उशिरा निवते. त्यामुळे पहाटे विस्तव मंदावला तरी घर एकदम गार पडत नसे. नळांवर पाण्याची पन्हाळी ठेवून बाष्पीभवनही साधता येई. लाउडन यांनी १८१६ मध्ये काढलेल्या घडीव लोखंडाच्या पट्ट्यांमुळे काचगृहाचा सांगाडा बारीक झाला व प्रकाश वाढला. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला आणि काचगृह हळूहळू उमरावांच्या वाड्यातून मध्यमवर्गाच्या अंगणात येऊ लागले.

खासी टेकड्या : ज्ञानाचा उगम

चॅट्सवर्थच्या इतिहासात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. ड्यूकने आपल्या बागेतील जॉन गिब्सन या तरुण माळ्यास १८३५ मध्ये भारतात पाठविले. (महाराष्ट्रातील वाचकांना गिब्सन हे नाव पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्यामुळे परिचित असते, या दोन भिन्न व्यक्ती होत.) नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजातून येत होते, त्याच जहाजातून जॉन गिब्सन कलकत्त्यास पोहोचले. तेथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिच यांच्या मार्गदर्शनाने त्यांनी खासी टेकड्यांत चेरापुंजीच्या परिसरात वनस्पती गोळा केल्या आणि १८३७ मध्ये ते ऑर्किडांचा मोठा साठा घेऊन परतले. ‘डेंड्रोबियम डेव्हनियानम’, ‘डेंड्रोबियम गिब्सनाय’ आणि ‘डेंड्रोबियम पॅक्स्टनाय’ ही नावे मालक, संग्राहक व प्रमुख माळी यांची स्मृती जपतात. ज्या खासी माणसांनी डोंगरांतल्या वाटा दाखविल्या आणि ओझी वाहिली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव या यादीत नाही.

ही वनस्पतिसंपदा जिवंत पोहोचण्यास लंडनचे वैद्य नथॅनिएल वॉर्ड यांची बंद काचपेटी उपयोगी पडली. १८२९ मध्ये एका बाटलीत त्यांना योगायोगाने दिसून आले की बंद काचेआड ओलावा पुनःपुन्हा फिरत राहतो आणि रोप जगते. १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीला पाठवून त्याची प्रचीती घेण्यात आली. खाऱ्या वाऱ्यापासून व थंडीपासून रक्षण करणारी ही पेटी म्हणजे जणू लहानसे फिरते काचगृहच होते.

तथापि वनस्पती आली म्हणजे तिचे हवामान कळले, असे होत नाही. या बाबतीत जोसेफ हूकर यांचे निरीक्षण निर्णायक ठरते. हूकर आणि त्यांचे स्नेही थॉमस थॉमसन १८५० मध्ये खासी टेकड्यांत होते. ‘हिमालयन जर्नल्स’ या १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हूकर यांनी लारनाक गावाजवळील ओकच्या विरळ रानात निळ्या व्हँडाच्या अधिवासाचे वर्णन केले आहे. इंग्लंडमध्ये या फुलाला त्या वेळी प्रचंड मागणी होती. त्या वर्णनाचा आशय असा : तीन ते चार हजार फूट उंचीवरची ती गवताळ टेकडी आहे, झाडे खुरटी व विरळ पानांची आहेत, त्यांच्या फांद्यांवरील व्हँडा ऊन, पाऊस आणि वारा यांना पूर्णपणे उघडी असते, सालीवर शेवाळ नसते आणि मुळे कोरड्या खरबरीत सालीवर पसरलेली असतात. पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असली तरी कोंदट उष्मा कोठेही नसतो. फुलण्याच्या हंगामात तापमान ६० ते ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १५.५ ते २६.५ अंश सेल्सियस असते. हिवाळ्यात ते बरेच उतरते आणि जमिनीवर हिमकण जमतात. हिवाळ्यातील गारठा, शरद ऋतूतील कोरडेपणा आणि सतत वाहता वारा या ज्या गोष्टींपासून इंग्लंडमधील ऑर्किडांना प्रयत्नपूर्वक दूर ठेवले जाते, नेमक्या त्याच परिस्थितीत भारतातील उत्तमोत्तम ऑर्किड वाढतात, असे हूकर यांनी स्पष्टपणे नोंदविले.

या निरीक्षणाचे महत्त्व समजून घेण्यासाठी चेरापुंजीच्या हवामानाचा विचार करावा लागतो. तेथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. ही ख्याती ऐकणाऱ्याला वनस्पती बारमाही चिंब हवेत वाढत असाव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा पाऊस मुख्यतः मे ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. पानगळ होणाऱ्या डेंड्रोबियमांना या थंड, कोरड्या विश्रांतीची गरज असते. ती मिळाली नाही तर त्या केवळ पानेच वाढवितात, फुलत नाहीत. इंग्रज माळी हिवाळ्यात त्यांना जपण्यासाठी अधिक उष्णता व पाणी देत होता, तेव्हा तो त्यांचा फुलण्याचा ऋतूच हिरावून घेत होता. वार्षिक सरासरी हे हवामानाचे अपुरे वर्णन आहे, हा धडा यातून मिळतो.

‘हिवाळ्या’चे वर्गीकरण :

हे ज्ञान हळूहळू प्रात्यक्षिक नियमांत उतरले. बेंजामिन विल्यम्स यांचे ऑर्किड-संगोपनाचे हस्तपुस्तक १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ऑर्किडांसाठी एकच ‘स्टोव्ह’ न ठेवता उष्ण, मध्यम आणि शीत अशी तीन प्रकारची घरे असावीत, ही कल्पना त्यातून सर्वपरिचित झाली. त्यांतील सर्वांत उष्ण घराला ‘ईस्ट इंडिया हाउस’ असे नाव होते. ज्या भारतातील व्हँडा व डेंड्रोबियम थंडी सोसतात, त्याच देशाच्या नावाने सर्वांत उष्ण घर ओळखले जावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे. जेम्स बेटमन यांनी १८६० च्या दशकात अँडीजमधील ओडोंटोग्लॉसमसारख्या जातींसाठी शीतगृहाचा पुरस्कार केला. आजही हिवाळ्यातील रात्रीच्या किमान तापमानावरूनच ऑर्किडांचे उष्ण (सुमारे १६ ते १८ अंश सेल्सियस), मध्यम (१३ ते १५) आणि शीत (१० ते १२) असे गट मानले जातात.

शीतगृहाच्या प्रसाराचा सामाजिक परिणामही झाला. कमी कोळशात भागू लागल्याने बेताच्या मिळकतीचा माणूसही ऑर्किड ठेवू लागला. योग्य ज्ञान हे येथे खर्च कमी करणारे ठरले.

उष्णतेची किंमत :

चॅट्सवर्थचे ‘ग्रेट स्टोव्ह’ हे भव्य काचगृह १८३६ ते १८४० च्या सुमारास उभारले गेले. ते २७७ फूट लांब व १२३ फूट रुंद होते. ऑर्किडांची घरे निराळी होती. या इमारतीत ताडादी मोठे वृक्ष होते. परंतु उष्णतेच्या खर्चाची कल्पना येण्यास तिचे उदाहरण पुरेसे आहे. तिच्या तळघरात आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लांबीचे नळ होते. कोळसा भुयारातून रुळांवरील गाड्यांनी आणला जाई, जेणेकरून पाहुण्यांना तो दिसू नये. व्हिक्टोरिया राणी १८४३ मध्ये या काचगृहातून गाडीत बसून फिरली. पायाखालच्या भुयारात राबणारे हात या वैभवाच्या वर्णनांतून बहुधा वगळले जातात.

लहान बागांतही चित्र वेगळे नव्हते. काचगृहालगतच्या खोल्यांत राहणाऱ्या अविवाहित, तरुण माळ्यांना पाळीपाळीने रात्री उठून बॉयलरमध्ये कोळसा घालावा लागे. एका कडाक्याच्या रात्री झोप लागली तर वर्षानुवर्षांचा संग्रह सकाळपर्यंत काळवंडून जाण्याची भीती असे. शिवाय शहरांतील कोळशाच्या धुराने हिवाळी धुके इतके दाट व गंधकयुक्त होई की काचगृहातील कळ्या गळून पडत. या हानीची चौकशी फ्रान्सिस ऑलिव्हर या वनस्पतिशास्त्रज्ञाने केली आणि तिचे वृत्तान्त १८९१ व १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कोळशाने झाडे वाचत होती, त्याच कोळशाचा धूर त्यांना मारत होता.

याहून मोठी किंमत वनस्पतींच्या मूळ भूमीने मोजली. हूकर व थॉमसन यांनी क्यूसाठी निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी गोळा केली. त्यांपैकी फार थोडी झाडे इंग्लंडला जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एकच ओझे वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले. एका हंगामात खासी ऑर्किडांच्या विक्रीतून दोन ते तीन हजार पौंड सहज मिळू शकतील, असा हिशोबही हूकर यांनी त्याच ठिकाणी मांडला आहे. ज्या लेखणीने अधिवासाचे इतके मर्मग्राही वर्णन केले, त्याच लेखणीने त्या अधिवासाचा बाजारभावही सांगितला. कोलंबियात आल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने दहा हजार ऑर्किड मिळविण्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडल्याचे आपल्या १८९१ मधील पुस्तकात नमूद केले आहे. काचगृहातील मृत्यूंची भरपाई अरण्यातून नवा माल आणून केली जात होती. म्हणूनच संगोपनातील अज्ञान ही केवळ बागेतील चूक राहिली नाही. तिची झळ दूरच्या डोंगरांना लागली.

विसाव्या शतकातील अखेर आणि पुढे :

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) कोळसा आणि माणसे दोन्ही युद्धाकडे वळली. चॅट्सवर्थचे मोठे काचगृह तापविणे थांबले, आतील झाडे थंडीने मेली आणि १९२० मध्ये ती इमारत स्फोटकांनी पाडण्यात आली. ऐंशी वर्षे टिकलेला कृत्रिम उन्हाळा इंधन थांबताच काही हिवाळ्यांत संपला. अमेरिकेतील लुइस नुडसन यांनी १९२२ मध्ये पोषक माध्यमावर ऑर्किडांचे बी रुजविण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाचा मार्ग दाखविला. त्यामुळे अरण्यातून झाडे ओरबाडण्याची व्यापारी निकड कमी झाली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९९१ च्या दुरुस्तीने निळ्या व्हँडाला संरक्षण दिले.

उष्णतेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कोळशाची जागा तेलाने व नैसर्गिक वायूने घेतली, एवढाच फरक झाला. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धानंतर युरोपात वायूचे दर भडकले, तेव्हा नेदरलँड्समधील काचगृह-उद्योगापुढे तापमान उतरवावे की घरे रिकामी ठेवावीत, हाच जुना पेच पुन्हा उभा राहिला.

निष्कर्ष :

१) ब्रिटनमधील ऑर्किडांच्या प्रारंभीच्या नाशाचे कारण केवळ थंडी नव्हते. थंडीच्या भीतीपोटी निर्माण केलेली कोंदट उष्णता हे त्याचे तितकेच मोठे कारण होते.

२) उष्णता आणि आर्द्रता या स्वतंत्रपणे हाताळावयाच्या गोष्टी आहेत. तापविलेली हवा कोरडी होते, हे ओळखून वाटा भिजविणे, हवा खेळती ठेवणे आणि गरम पाण्याचे नळ वापरणे यांतून खरा मार्ग सापडला.

३) हा बदल घडविण्यात कूपर, पॅक्स्टन यांसारख्या माळ्यांचे अनुभवजन्य ज्ञान आणि खासी टेकड्यांतील प्रत्यक्ष निरीक्षण निर्णायक ठरले. ग्रंथप्रामाण्यापेक्षा भूमीचे प्रामाण्य श्रेष्ठ ठरल्याचे हे उदाहरण आहे.

४) या ज्ञानाच्या निर्मितीत रात्री जागणारे तरुण माळी, कोळसा वाहणारे मजूर आणि ओझी वाहणारे खासी वाटाडे यांचा वाटा होता. तथापि वनस्पतींच्या नावांत तो उमटलेला नाही.

५) काचगृहातील हिवाळ्याचा खर्च मालकाच्या हिशोबवहीपुरता मर्यादित नव्हता. त्याचा मोठा भाग खासी टेकड्या व अँडीज यांसारख्या मूळ अधिवासांनी सोसला. सह्याद्रीतील ऑर्किडांच्या संवर्धनाचा विचार करतानाही वनस्पतीबरोबर तिचा वृक्ष, तिचा वारा आणि तिचा कोरडा ऋतू यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे, असे या अभ्यासाच्या आधारे म्हणता येते.